सिग्मा फळ्यावर येण्याआधी
संख्याशास्त्राचा पेपर नको म्हणून मानसशास्त्रच सोडणारी मुलं आपण पाहिलीत. ही भीती मोजायची एक प्रश्नावली 1985 साली आली. तिच्या सहा भागांतला एक चक्क मदत मागण्याच्या भीतीचा आहे! म्हणजे घोडं नुसतं आकडेमोडीत अडत नाही, 'कळलं नाही' म्हणण्यातही अडतं.

म्हणून आम्ही सूत्र मागे ठेवतो. आधी पाच जणांना विचारतो, कॉलेजला यायला किती मिनिटं लागली? 10, 15, 20, 25, आणि कर्जतहून लोकलने येणारीला 130. सरासरी 40. लगेच मागच्या बाकावरून येतं, "पण चाळीस तर कुणालाच लागली नाहीत!" बरोबर. मग ओळीतला मधला आकडा घेऊ, 20. त्यालाच मध्यक म्हणतात. शंका त्यांची, आम्ही फक्त नाव सांगितलं.