विश्लेषण : रेडिओवर पर्यावरणाचा कार्यक्रम ऐकला, पुढे काय?

मातीची धूप, पाण्याचा उपसा, लहरी पाऊस. विकसनशील देशांतील अनेक रेडिओ केंद्रे या विषयांवर कार्यक्रम करतात. पण कार्यक्रम ऐकून शेतकरी खरेच काही बदलतो का?

पुण्याचा प्रयोग काय होता?

१९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोता मंडळे स्थापली. वीसेक गावकरी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकत आणि लगेच चर्चा करत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत माहिती लक्षणीय वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच कमी. १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली.

आफ्रिकेत काय दिसले?

२००७ पासून ‘फार्म रेडिओ इंटरनॅशनल’ने घाना, मालावी, माली, टांझानिया आणि युगांडा या देशांतील २५ केंद्रांसोबत काम केले. काही गावांना कार्यक्रमाच्या आखणीतच सहभागी करून घेतले. तिथे सुधारित पद्धत करून पाहणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या ऐकणाऱ्या गावांपेक्षा ठळकपणे जास्त होते. निष्कर्ष पुण्यासारखाच.

मग अडते कुठे?

ऐकून माहिती लवकर वाढते, सवय मात्र सावकाश बदलते. कंपोस्टचा फायदा एक-दोन हंगामांत दिसतो. बांधावरच्या झाडाला अनेक वर्षे लागतात. त्यात मजुरी, रोपे, पाणी यांचा खर्च. घरातला रेडिओ पुरुषाच्या हाती असेल आणि कार्यक्रम स्वयंपाकाच्या वेळी लागत असेल, तर शेतात राबणारी बाई श्रोत्यांत मोजलीच जात नाही.

मोबाइलने काय बदलले?

पूर्वी प्रश्न पत्राने जायचा. आता श्रोता मिस्ड कॉल देऊन मत नोंदवतो, कार्यक्रम सुरू असतानाच प्रश्न विचारतो. तमिळनाडूतील पांबन बेटावरचे ‘कडल ओसै’ हे मच्छीमारांचे सामुदायिक रेडिओ केंद्र त्यांच्याच बोलीत समुद्र आणि हवामानावर बोलते. वाऱ्याचा अंदाज चुकला, तर पोट आणि जीव दोन्ही धोक्यात येतात, हे तिथल्या श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही.

थोडक्यात : किती जणांनी ऐकले, यापेक्षा किती जणांनी उलट प्रश्न विचारला आणि त्यांना उत्तर मिळाले का, हे मोजायला हवे.