रेल्वेचा विंगर : पी. के. बॅनर्जी

दौंड-शिरूरच्या फुटबॉलवेड्यांनो, आपलं जंक्शन रेल्वेचं, मग हा रेल्वेवाला माहीत हवाच! ⚽

प्रदीपकुमार बॅनर्जी. जन्म १९३६, जलपायगुडी. जागा : उजवी विंग.

ईस्ट बंगाल, मोहन बागानकडे न जाता गडी ईस्टर्न रेल्वेतच राहिला आणि १९५८ ची कलकत्ता लीग जिंकली. कलकत्त्याच्या 'तीन बड्या' क्लबांबाहेरच्या संघाला पुन्हा ती जिंकायला ६१ वर्षं लागली!

१९५६, मेलबर्न ऑलिंपिक : मुंबईकर नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक ठोकली, त्या संघात पीकेही होते.
१९६०, रोम : कर्णधार पीके. बलाढ्य फ्रान्सशी १-१. आपला गोल त्यांचाच.
१९६२, जकार्ता एशियाड : फायनलमध्ये दक्षिण कोरियावर २-१. एक गोल पीकेंचा, गळ्यात सुवर्णपदक!

१९६१ चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. पुढे नावाजलेले कोच झाले. २०२० मध्ये गेले.

पुढच्या वेळी दौंडला गाडी थांबली, की त्यांची आठवण काढा.