एम. जी. मोटारीचे गाव कोणते?

अष्टकोनी चौकटीत ‘एम. जी.’ ही दोन इंग्रजी अक्षरे मिरवणारी मोटार हल्ली आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसते. ही गाडी कुठली, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर गुरुजी, चटकन उत्तर देऊ नका. नाव कुठले आणि ती जोडणारे हात कुठले, असे हे दोन प्रश्न आहेत.

नाव आहे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडातील ऑक्सफर्डला विल्यम मॉरिस यांचा हा मोटारींचा व्यवसाय. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलकी, देखणी अंगे चढवून चपळ गाड्या काढल्या. याच स्पोर्ट्‌स कार. सामान वाहायला नव्हेत, चालवण्याच्या हौसेसाठी! १९२९ साली हा कारखाना जवळच टेम्सकाठच्या ॲबिंग्डन गावी गेला.

आता गंमत पाहा. ॲबिंग्डनला गाडी ‘तयार’ होई म्हणजे काय होई? ‘एम. जी. बी.’ या प्रसिद्ध गाडीचा पोलादी सांगाडा स्विंडनहून येई, इंजिन तिसऱ्याच कारखान्यातून. इथे फक्त जोडणी. मोठ्या कारखान्यातला सरकता पट्टासुद्धा नव्हता; अर्धवट गाडी माणसेच हाताने ढकलत पुढच्या जोडाऱ्याकडे नेत. तरीही १९६२ ते १९८० या काळात या एकाच जातीच्या पाच लाखांवर गाड्या निघाल्या.

यातल्या बहुतेक अमेरिकेला जात, आणि तिथेच घात झाला. पौंड वधारला. परदेशी द्राक्षे धाडणाऱ्या नाशिकच्या बागाईतदाराला हे गणित सांगायला नको: रुपया वधारला की त्याच डॉलरचे रुपये कमी येतात. गाडीमागे तोटाच होतो, असे मालक कंपनीचे म्हणणे पडले. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याची पन्नाशी थाटात साजरी केली, आणि लगेच कारखाना बंद करण्याची घोषणा आली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. कामगारांचे कसब काही त्या वर्षी आटले नव्हते, बरं का!

पुढे १९९५ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजला ‘एम. जी. एफ.’ ही नवी स्पोर्ट्‌स कार निघाली. पण २००५ साली तीही कंपनी बुडाली; हजारो माणसांचे काम गेले. चीनमधल्या नानजिंगच्या कंपनीने यंत्रसामग्री विकत घेऊन जहाजाने घरी नेली. मग उलटाच फेरा सुरू झाला. २००८ पासून चीनहून सुटे भाग येऊन लाँगब्रिजला त्यांची गाडी जोडली जाऊ लागली! २०१६ मध्ये तिथली जोडणीही थांबली.

आपल्याकडच्या एम. जी. मोटारी २०१९ पासून गुजरातेत हालोलला, जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्यात बनतात. पण त्या घरगुती गाड्या. ‘सायबरस्टर’ ही दोन माणसांची, विजेवर धावणारी एम. जी. २०२५ पासून इथे मिळते, ती मात्र चीनमधून तयारच येते. इंग्लंडातही ती तिथूनच जाते.