जहाज लागणे म्हणजे काय?
मुंबईहून गोव्याकडे वा लक्षद्वीपकडे सहकुटुंब जलपर्यटनास निघाल्यावर, वयात आलेल्या मुलास जहाज लागले की त्याचे पोट बिघडले असे समजून त्यास उपाशी ठेवण्याची जी रीत आहे, तिचे मूळ गैरसमजात आहे. अंतर्कर्णास (कानातील, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या भागास) हेलकावे जाणवतात, पण बंद खोलीत मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांस सारे स्थिर दिसते, आणि या विसंगतीमुळेच, घाटातल्या एसटीत पुस्तक वाचताना मळमळते तसे, त्यास मळमळू लागते. सबब मुलास रागे न भरता उघड्या डेकवर आणून क्षितिजाकडे पाहावयास लावावे, थोडे कोरडे खाणे द्यावे. आणि वरच्या मजल्यावरील सज्जाची खोली कितीही मोहक असली तरी मुक्कामाची तजवीज जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर करावी, कारण हेलकावा तेथे सर्वांत कमी असतो.