0.3 टक्क्याचा खर्च

टेक्सासमध्ये गांजा बाळगणं आजही गुन्हा आहे. दोन औंसांपर्यंत, म्हणजे साधारण 57 ग्रॅमपर्यंत सापडला तर 180 दिवसांपर्यंत कैद आणि 2000 डॉलरपर्यंत दंड. हे कलम कुणी काढलेलं नाही. तरी 2019च्या उन्हाळ्यापासून तिथल्या कोर्टांत असे खटले झपाट्याने रोडावले, आणि त्याला निमित्त ठरला शेतकऱ्यांसाठी केलेला एक कायदा.

डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कृषी कायद्याने हेंपला अमली पदार्थांच्या यादीतून वगळलं. हेंप आणि गांजा, झाड एकच. टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य कोरड्या वजनाच्या 0.3 टक्क्यापर्यंत असेल तर हेंप, त्यावर गेलं की गांजा. टेक्सासने हीच व्याख्या उचलली. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी 10 जून 2019 रोजी सही केली आणि कायदा तत्काळ लागू झाला. प्रयोगशाळांची तयारी मात्र शून्य.

तोवरची तपासणी स्वस्त होती. पाल्यावरची लव सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि मग ड्युकेनॉय-लेविन चाचणी करायची. परीक्षानळीत चिमूटभर नमुना घ्यायचा, त्यावर व्हॅनिलिनचं द्रावण आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचं. जांभळा रंग चढला आणि क्लोरोफॉर्म घातल्यावर तो तळाच्या थरात उतरला, की गांजा. गोची अशी, की हेंपलाही तोच रंग येतो. टक्का मोजायचा तर महागडी यंत्रं हवीत, ती चालवणारे प्रशिक्षित लोक हवेत आणि कोर्टात टिकेल अशी पद्धत हवी.

आपल्याकडे ही पंचाईत उद्भवत नाही. 1985च्या एनडीपीएस या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत. वजन एक किलोपर्यंत असलं तर अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी. मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून येणाऱ्या सी. ए. (केमिकल ॲनालायझर) रिपोर्टला हा माल गांजा आहे की नाही, एवढंच सांगावं लागतं.

टेक्सासमध्ये सरकारी वकिलांनी आधी हात टेकले. जुलै 2019च्या सुरुवातीला हॅरिस, फोर्ट बेंड, बेक्सार आणि न्यूएसेस या चार काउंटींच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नींनी एकत्र जाहीर केलं, की चार औंसांच्या आतल्या प्रकरणात प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर खटला भरणार नाही. ॲबट आणि ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी इतर नेत्यांसह खरमरीत पत्र धाडलं: गांजा कायदेशीर झालेला नाही, प्रत्येक वेळी अहवाल लागतोच असं नाही. पत्राने यंत्रं येत नाहीत. 2018 मध्ये राज्यभरात महिन्याला गांजा बाळगण्याचे 5900च्या आसपास किरकोळ गुन्हे दाखल होत. नोव्हेंबर 2019 मध्ये ते 2000च्याही खाली आले.

मग पैशाचा प्रश्न उघडपणे विचारला तो ऑस्टिन शहराने. 23 जानेवारी 2020 रोजी तिथल्या नगर परिषदेने एकमताने ठराव केला, की किरकोळ प्रकरणांत टीएचसी तपासायला शहराची तिजोरी उघडायची नाही. कायदा बदलण्याचा अधिकार परिषदेला नव्हता. बजेटचा होता, तो तिने वापरला. (आपल्या महापालिकांनी असं काही करून पाहावं म्हटलं, तर पोलिस गृहखात्याचे असल्याने तो दरवाजाच बंद आहे.) दुसऱ्याच दिवशी पोलिसप्रमुख ब्रायन मॅनली म्हणाले, गांजा बेकायदा आहे, दिसला तर आम्ही कारवाई करू. म्हणजे पोलिस चिठ्ठी फाडणार, आणि पुढे गुन्हा सिद्ध करायला पैसे नाहीत.

फेब्रुवारीत राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाने आपली पद्धत जाहीर केली, आणि त्यातही हात आखडता होता. टीएचसी 1 टक्क्याच्या वर की खाली, एवढंच ती सांगणार होती. शिवाय ती फक्त गंभीर गुन्ह्यांसाठी. किरकोळ अटकाच वर्षाला 80,000च्या वर. तेवढ्या तपासायची ऐपत नाही, असं विभागाचे संचालक स्टीव्ह मॅक्रॉ यांनी पत्राने कळवलं. मला हे पत्र ऑस्टिनच्या ठरावाहून बोलकं वाटतं. परिषदेने जे तत्त्व म्हणून ठरवलं, तेच राज्याने खर्चाच्या हिशेबाने मान्य केलं, आणि ते बंड कुणाला वाटलं नाही.

जुलै 2020 मध्ये ऑस्टिन पोलिसांनीही अशा कारवाईतून माघार घेतली. मे 2022 मध्ये मतदारांनी 85 टक्के मतांनी अटक आणि तपासणीखर्च दोन्हींवर बंदी घातली. हा कौल निव्वळ गांजावरचा होता असं मात्र म्हणवत नाही, कारण न ठोठावता दार फोडून पोलिसांनी घरात शिरण्यावरची बंदी त्याच प्रस्तावात होती. सॅन मार्कोस, डेंटन अशी शहरं मागोमाग आली. लबकने मे 2024 मध्ये साफ नकार दिला.

जानेवारी 2024 मध्ये पॅक्स्टन यांनी पाच शहरांवर दावे लावले. अमली पदार्थांचे कायदे पूर्णपणे न राबवण्याचं धोरण शहरांना आखता येत नाही, असं राज्याचा कायदाच सांगतो, हा त्यांचा मुद्दा. ऑस्टिनविरुद्धचा दावा खालच्या कोर्टात टिकला नाही, पण एप्रिल 2025 मध्ये पंधराव्या अपील न्यायालयाने पारडं राज्याच्या बाजूला झुकवलं.

त्याच वर्षी विधिमंडळाने टीएचसी असलेली सगळीच हेंप उत्पादनं बंद करणारं विधेयक मंजूर केलं. ॲबट यांनी 22 जूनला नकाराधिकार वापरून ते रोखलं. 0.3ची रेघ त्यामुळे शाबूत राहिली, आणि ती मोजण्याचं बिलही.