रेसिडेंटाचा बंगला पाहून आलो

आपल्या मुरूड भागातल्या जुन्या माणसाला हैदराबाद परकं नाही. १९५६ पर्यंत आपली राजधानी तीच होती. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग म्युझियम पाहून आलेले सभासद गावोगाव भेटतात. परंतु निजामाच्याही वरचा साहेब जिथं राहायचा, तो बोलारमचा बंगला पाहिलेले फारच थोडे. सिकंदराबादेच्या पुढे हा बंगला आहे. आज त्याला राष्ट्रपती निलयम म्हणतात. पूर्वी तो वर्षातून थोडेच दिवस लोकांना बघायला मिळे. मार्च २०२३ पासून तो जवळजवळ वर्षभर खुला झाला आहे. गळीत हंगाम आटोपल्यावर आम्ही सहकुटुंब तो पाहून आलो. सभासद बंधू-भगिनींना उपयोगी पडेल म्हणून ही हकीकत देत आहोत.

बरोबर आमच्या मातोश्री, सौ., चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडं होती. मातोश्रींचं वय पंच्याऐंशीच्या घरात. "एवढ्या लांब मला कशाला नेता रं?" असं म्हणत म्हणतच त्या गाडीत बसल्या. लातूर, निलंगा, बीदर, जहिराबाद अशा मार्गाने गेलो.

बंगल्याचं आवार ९० एकरांचं आहे. एवढं रान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे उसाचे फडच येतात. इथं मात्र मोठाले वृक्ष, फळझाडं, फुलबागा आणि औषधी वनस्पतींची स्वतंत्र बाग आहे. सत्तावीस नक्षत्रांची सत्तावीस झाडं लावलेली नक्षत्रवाटिकाही आहे. बंगला मात्र एकमजली, अकरा खोल्यांचा. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाच्या ३४० खोल्यांपुढे हे घर अगदी साधं वाटतं. दरबार हॉल, भोजनगृह, वाचनालय अशी दालनं पाहत आम्ही हिंडलो. स्वयंपाकघर बंगल्यापासून वेगळं असून तिथून भोजनगृहापर्यंत जमिनीखालून भुयारी वाट आहे. आज त्या भुयाराच्या भिंतींवर तेलंगणातील चेरियाल शैलीची चित्रं काढलेली आहेत. नातवंडांना सगळ्यात जास्त आवडलं ते हे भुयारच. "साहेबाची भाकर ह्या बिळातनं जायची का?" असं धाकट्यानं विचारलं. आम्ही होय म्हणालो.

दरबार हॉलमध्ये मातोश्री थांबल्या. म्हणाल्या, "ह्यो निजामाचा वाडा व्हय?"

"नाही माय, निजामावर देखरेख करणाऱ्या इंग्रज साहेबाचा. त्याला रेसिडेंट म्हणत."

"मंग राजाच्या बी डोस्क्यावर सावकार व्हता म्हणायचा!"

मातोश्री शाळेत गेलेल्या नाहीत. पण इतिहासाची पुस्तकं जे दोन पानांत सांगतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. कारण ही गोष्ट खरोखरीच कर्जाची आहे, आणि तिचा आपल्या मुलुखाशी संबंध आहे.

निजामाच्या खर्चाने एक फौज ठेवलेली होती. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. पगार निजामाने द्यायचा आणि हुकूम इंग्रज अंमलदारांनी करायचा. बोलारम ही तिचीच छावणी. फौजेचा खर्च दौलतीला झेपेना. पगार थकले. कंपनी सरकारने उचल दिली आणि बाकी फुगत गेली. पुढे काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. १८५३ साली तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब व धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे आपला जुना जिल्हा चक्क गहाण पडला! मुरूड १९८२ साली लातूर जिल्हा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, हे वाचकांना ठाऊक आहेच. नळदुर्गचा कारभार तेव्हा मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला.

पुढे १८५७ चा उठाव झाला. त्या वर्षी १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी हैदराबाद शहरातल्या रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. तो मोडून काढला गेला. निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूने राहिलं. त्याचं बक्षीस म्हणून १८६० च्या तहात ५० लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूर परत मिळालं. वऱ्हाड काही सुटलं नाही. १९०२ साली तर ते वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेलं. बोलारमचा हा बंगलाही १८६० च्याच सुमाराचा समजला जातो. गादी निजामाची, मोहर निजामाची, पण हिशेबाची वही साहेबाच्या मेजावर. ज्याच्या हाती वही त्याच्या हाती सत्ता, हे आम्ही त्या बंगल्यात उभं राहून नातवंडांना समजावलं.

बाहेर ध्वजस्तंभ आहे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, त्याची खूण असलेल्या जुन्या स्तंभाची ही १२० फूट उंचीची प्रतिकृती डिसेंबर २०२३ मध्ये उभारली गेली. आमच्या नातवंडांना १७ सप्टेंबर म्हणजे सकाळचं झेंडावंदन, एवढंच माहीत. थोरल्याने पणजीला विचारलं, "तेव्हा तू कुठं होतीस?"

मातोश्री तिथल्या झाडाच्या सावलीत बसल्या आणि सांगू लागल्या. रझाकारीच्या वर्षात त्या आठ-नऊ वर्षांच्या. रातोरात सारं घर बार्शीकडे निघालं, कारण तिकडे हिंदुस्थानचा अंमल होता. पेवातली ज्वारी तशीच राहिली. बैलजोडी गेली ती गेलीच. १३ सप्टेंबरला फौजा नळदुर्गच्या बाजूने आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लोक परतले, तेव्हा यांच्या घराला कवाड नव्हतं. "पेरणी हुकली व्हती. बापानं उसनं जुंधळं आणलं," एवढं बोलून त्या गप्प झाल्या. इतकी वर्षं एका घरात राहून आम्हीसुद्धा हे सगळं असं सलग ऐकलं नव्हतं.

ऊसवाल्या सभासदांनी इथल्या जुन्या बारवा आवर्जून पाहाव्यात. त्या दुरुस्त करून पारंपरिक सिंचनाची व्यवस्था दाखवली आहे. आपल्याकडेही गावोगाव बारवा आहेत. कितीतरी गाळाने भरल्या, काहींचा तर उकिरडा झाला. राष्ट्रपतींच्या आवारात बारव जपता येते, मग आपल्या शिवारात का जपता येऊ नये?

आणखी एक गोष्ट. हा बंगला आता जनतेचा आहे, म्हणजे आपला आहे. सहकारी कारखानाही आपलाच. पण शेअरचा कागद ट्रंकेत ठेवला म्हणजे मालकी टिकली असं होत नाही. ताळेबंद वाचावा, कर्ज किती आणि व्याज किती हे वार्षिक सभेत उभं राहून विचारावं. निजामाने वही दुसऱ्याच्या हाती जाऊ दिली, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

जाणाऱ्यांसाठी माहिती : सोमवार व सरकारी सुट्टी सोडून सकाळी १० ते ५ ही वेळ आहे. शेवटचा प्रवेश ४ वाजता. आम्ही गेलो तेव्हा माणशी ५० रुपये पडले. नोंदणी आधी घरून करता येते, तिथं जाऊनही होते. राष्ट्रपतींचा मुक्काम बहुधा डिसेंबरात असतो, त्या वेळी दर्शकांना प्रवेश बंद राहतो. म्हणून आधी चौकशी करावी. चालणं बरंच आहे, तेव्हा उन्हाळ्यात सकाळीच जावं. आणि घरात वडीलधारं माणूस असेल, तर त्याला बरोबर न्यावंच.