साठीनंतरचे घरजावई

थायलंडला जाऊन आले असं सांगितलं की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटतं. मग पट्टायाचा विषय, मग मसाजचा, मग ‘नवऱ्याला एकट्याला पाठवू नकोस हं’ हा विनोद. हे सगळं होऊन गेलं की मी माझ्या आवडत्या विषयाकडे वळते, तो म्हणजे तिथे जाऊन परत न गेलेले गोरे लोक. इंग्लंडातला निवृत्त बसचालक, जर्मनीतला वायरमन, ऑस्ट्रेलियातल्या खाणीवरचा फोरमन. हे सगळे समुद्रकिनारी राहत असते तर मला फारसं कुतूहल वाटलं नसतं. पण त्यांतले कितीतरी जण ईशान्य थायलंडात, म्हणजे इसानमध्ये, भातखाचरांच्या मधोमध घर बांधून राहतात. तिथे समुद्र नाही, एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि पर्यटक सहसा फिरकत नाहीत. मग हे तिथे का?

‘स्वस्त आहे म्हणून’ हे उत्तर सगळेच देतात, खुद्द ते लोकही देतात. बरीच वर्षं या विषयाच्या मागे असल्यामुळे मला ते अपुरं वाटतं. स्वस्ताई माणसाला तिथवर नेते, पण वीस-वीस वर्षं राहायला लावणारी गोष्ट वेगळी असते.

आधी इतिहास उरकून घेऊ. पोर्तुगीजांचा वकील सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, राजधानीत, अयुथ्थयाला 1511 मध्ये पोचला, गोवा घेतल्यानंतर वर्षभरातच. मागोमाग डच आले, फ्रेंच आले. फॉल्कन नावाचा एक ग्रीक खलाशी राजा नाराईच्या दरबारात वजनदार मंत्री होऊन बसला आणि 1688 च्या उठावात जिवाला मुकला. पुढे दीडेक शतक पाश्चात्त्यांना फारसा थारा नव्हता. 1855 च्या बाउरिंग कराराने व्यापार पुन्हा मोकळा झाला. शेजारचे देश इंग्रज-फ्रेंचांनी घशात घातले, सयाम मात्र स्वतंत्र राहिला. यातली लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की या देशात गोरा माणूस राज्यकर्ता म्हणून कधी राहिला नाही. राहिला तो पाहुणा म्हणून किंवा नोकर म्हणून.

आणि नोकरांमधली सर्वांत प्रसिद्ध बाई आपल्या नगरची! सयामच्या राजा मोंगकुटच्या राण्यांना आणि मुलांना शिकवायला 1862 मध्ये बँकॉकला गेलेली ॲना लिओनोवेन्स. हॉलिवूडने तिच्यावर ‘द किंग अँड आय’ काढला आणि थायलंडने राजाचा अपमान म्हणून त्यावर बंदी घातली. ॲना आयुष्यभर सांगत राहिली की आपला जन्म वेल्समधला. प्रत्यक्षात ती 1831 मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, कंपनीच्या फौजेतल्या एका सार्जंटच्या घरी जन्मली. तिच्या आईच्या अंगात हिंदी रक्त होतं असं अभ्यासक मानतात. 1849 मध्ये पुण्यात तिचं लग्न झालं. हे बिंग फुटलं 1970 च्या दशकात, आणि ते फोडलं डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाच्या एका कोळीतज्ज्ञाने. कोळी म्हणजे जाळं विणणारा! या गृहस्थांना खरा रस होता ॲनाच्या मुलात, लुईमध्ये, आणि त्याची मुळं शोधता शोधता ते आईच्या जन्मापर्यंत पोचले.

मलाही ॲनापेक्षा लुईच जास्त आवडतो. पाच वर्षांनी ॲना सयाम सोडून गेली ती गेलीच. राजवाड्यात राजपुत्रांबरोबर वाढलेला लुई मात्र ऑस्ट्रेलियात नशीब आजमावून 1880 च्या दशकात परत आला. तोवर त्याच्याबरोबर वाढलेला राजपुत्र चुलालाँगकोर्न राजा झाला होता. लुई घोडदळात अधिकारी झाला, मग उत्तरेच्या जंगलांत सागवानाच्या धंद्यात शिरला आणि 1905 मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. जो आला तो नोकरीसाठी आला, पण जो परतून आला त्याला तिथे ओळखणारं कुणीतरी होतं. हा फरक पुढेही उपयोगी पडेल.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने उडॉन थानी, उबोन, कोराट, नाखोन फनोम, ताख्ली, उ-तपाओ असे हवाई तळ थायलंडात चालवले. त्यांतले चार इसानमध्ये होते. हजारो तरुण सैनिक तिथे राहिले, सुट्टीला पट्टायाच्या किनाऱ्यावर गेले आणि मच्छीमारांचं ते गाव बघता बघता काहीतरी वेगळंच झालं. 1976 मध्ये अमेरिकी फौजा गेल्या. काही जण बायको घेऊन गेले, आणि काही जण निवृत्त होऊन त्याच गावात परत आले. उडॉनमध्ये आजही जुने सैनिक भेटतात. शहरातल्या नोंग प्राचाक तळ्याभोवती संध्याकाळी फेरी मारली तर थाई आजोबांच्या बरोबरीने पाय ओढत चालणारे उंचेपुरे गोरे आजोबा दिसतात.

कायदा मात्र त्यांना दरवर्षी आठवण करून देतो की तुम्ही पाहुणे आहात. निवृत्तीच्या व्हिसासाठी वय 50 पूर्ण लागतं आणि थाई बँकेत 8 लाख बाथ, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक, नाहीतर महिना 65,000 बाथ उत्पन्न. मुक्काम दरवर्षी वाढवून घ्यायचा. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकाने 24 तासांत वर्दी द्यायची. परवान्याशिवाय काम करायचं नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. जमीन तर घेताच येत नाही. पैसेवाल्यांसाठी 2003 मध्ये ‘एलिट’ नावाने सुरू झालेला व्हिसा आहे, लॅपटॉपवर काम करणाऱ्या तरुणांसाठी 2024 पासून पाच वर्षांचा नवा व्हिसा आहे. पण जमिनीची मालकी आणि मतदान दोन्ही नाही. एवढं सगळं सोसून माणसं राहतात, तेव्हा नुसत्या स्वस्ताईवर भागत नसणार.

इसानमध्ये जुनी रीत अशी की लग्नानंतर जावई सासुरवाडीला राहायला जातो. बहुधा धाकटी मुलगी आईवडिलांजवळ राहते, त्यांना सांभाळते आणि घर तिच्याकडे जातं. म्हणजे घरजावई ही तिथे टिंगलीची गोष्ट नाही, ती व्यवस्थाच आहे. त्यावर आणखी एक संस्कार, ‘बुन खुन’. आईवडिलांचं ऋण. मुलगा काही काळ भिक्खू होऊन त्या ऋणातून उतराई होऊ शकतो. मुलीला तो मार्ग परंपरेने मोकळा नाही, म्हणून तिने घराला हातभार लावून, पैसे पाठवून, म्हातारपणी सेवा करून ते फेडायचं. शेतीवर भागत नाही म्हणून इसानच्या मुली बँकॉकच्या कारखान्यांत गेल्या, हॉटेलांत गेल्या, पट्टायाच्या बारमध्येही गेल्या. पहिला संसार मोडलेला, पोरं आजीजवळ, अशा बाईने ‘फरांग’, म्हणजे गोरा, नवरा केला की तो तिच्याशी लग्न करतो, आणि तिच्या ऋणाचा वाटेकरीही होतो. हे बऱ्याच जणांना लग्नानंतर कळतं!

हे ऋण लग्नाच्या दिवशीच सुरू होतं. वधूच्या आईवडिलांना ‘सिन सोत’ द्यावं लागतं, रोख आणि सोनं, सगळ्या गावासमोर मांडून. आपल्या हुंड्याच्या उलटी दिशा. मग ‘बाइसी सू ख्वान’चा विधी, ज्यात वडीलधारी माणसं नवरा-नवरीच्या मनगटांना पांढरे दोरे बांधतात. एका लग्नात मी पाहिलं, साठी ओलांडलेल्या गोऱ्या नवरदेवाचं मनगट दोऱ्यांनी भरून गेलं होतं आणि मांडी घालून बसायची सवय नसल्याने तो घामाघूम झाला होता. बायका पदर नसूनही पदराआड हसाव्यात तशा हसत होत्या.

मग घर. जमीन बायकोच्या नावावर घेताना जमीन कचेरीत नवऱ्याने लिहून द्यायचं असतं की हा पैसा बायकोचा स्वतःचा आहे, माझा त्यावर हक्क नाही. आयुष्यभराची कमाई अशी एका सहीने सोडून द्यायची! हुशार लोक उपभोगाचा हक्क नोंदवून घेतात, म्हणजे निदान हयातभर कुणी बाहेर काढू शकत नाही. तेवढंही न करणारे खूप आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या कथा वाईट शेवटाच्या आहेत. एका मुख्य रस्त्यापासून आत वळलं की भाताच्या शेतात खांब-कमानींचा दुमजली बंगला दिसतो. अशा वेळी गाडीवाला न विचारताच सांगतो, ‘फरांगचं घर’.

उडॉनपासून तासाभरावरच्या एका गावात मी अशाच एका घरी जेवले. चिकट भात हाताने खायचा, पपईचं झणझणीत सोम ताम, आणि आंबवलेल्या माशाचं ‘प्ला रा’, ज्याचा वास घरधन्याला अनेक वर्षांनंतरही सोसत नव्हता. इंग्लंडात तो ट्रक चालवायचा. इथे त्याच्याकडे पिकअप आहे आणि गावाला ते ठाऊक आहे. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, सासूला तपासणीला न्यायचं, कापणीत पोती वाहायची. मेव्हण्याच्या छपराला पैसे, भाचीच्या फीला पैसे, याची तो तक्रार करत होता, आणि भरपूर करत होता. बायको भांडी घासता घासता मला म्हणाली, ‘तिकडे हा मुलाला फोन करतो, मुलगा उचलत नाही. इथे माझी आई याला दिवसातून दहादा हाक मारते.’ माझं थाई बाजारापुरतं, पण हे समजायला पुरेसं होतं.

याला मी प्रेमकथा म्हणणार नाही आणि व्यवहारही म्हणणार नाही. पट्चरिन लापानुन या थाई मानवशास्त्रज्ञ बाईंनी इसानमधल्या अशाच एका गावाचा अभ्यास करून 2019 मध्ये पुस्तक लिहिलं. प्रेम, पैसा आणि कर्तव्य हे तिन्ही शब्द त्याच्या नावातच आहेत. मला तोच क्रम योग्य वाटतो, फक्त कोणत्या वर्षी कोणता शब्द पुढे येईल ते सांगता येत नाही.

इसानमध्ये संसार न करता राहणारे फरांगही आहेत. उबोनजवळ वनपरंपरेतले थोर भिक्खू अजान चा यांचा विहार आहे. सुमेधो नावाचा त्यांचा अमेरिकी शिष्य पूर्वी नौदलात होता. त्याच्या हाती 1975 मध्ये परदेशी भिक्खूंसाठी वेगळा विहार, वाट पाह नानाचात, सोपवला गेला. केंब्रिजला भौतिकशास्त्र शिकलेले अजान ब्रह्म याच परंपरेतले. इथले भिक्खू पहाटे गावात भिक्षेला जातात आणि दिवसातून एकदाच जेवतात. गावकऱ्यांना त्यांचं इंग्रजी कळत नाही, पण वाढायला कुणीतरी दारात यावं ही गरज गावाचीही असते, कारण पुण्य वाढणाऱ्यालाच लागतं. तिथेही माणूस उपयोगाचाच असतो.

आता उत्तरेकडे. चिआंग माईला मार्टिन वूडली या स्विस माणसाने 2003 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ‘बान कामलांगचाय’ सुरू केलं. स्वतःच्या आईला अल्झायमर झाला तेव्हा तो तिला घेऊन इथे आला, त्यातून हे निघालं. एका रुग्णामागे तीन काळजीवाहक पाळीपाळीने चोवीस तास असतात. युरोपात हा खर्च सामान्य घराला झेपत नाही. श्रीमंत देशांनी आपलं म्हातारपण गरीब देशांत धाडावं का, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. पण ज्या थाई बायका परक्या आजीचा हात धरून बाजारात फिरतात, त्यांच्या आयांना कोण सांभाळतं हा प्रश्न मला जास्त टोचतो.

आणि गैरसोयी? ब्रिटिश सरकारी पेन्शन थायलंडात राहणाऱ्यांना वाढवून मिळत नाही. पहिल्या वर्षीचा आकडा मरेपर्यंत तोच. 2000 च्या दशकात पौंडाला सत्तरच्या आसपास बाथ मिळायचे, पुढे ते चाळिशीत आले. अमेरिकेचं मेडिकेअर तिथे चालत नाही. काही परदेशी रुग्णालयांची बिलं थकवून गेले, म्हणून 2019 पासून निवृत्तांच्या एका व्हिसाला आरोग्यविम्याची सक्ती झाली. 2024 पासून परदेशातून आणलेल्या उत्पन्नावरचे करनियमही कडक झाले. फेब्रुवारी ते एप्रिल चिआंग माईत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असा दाटतो की डोंगर दिसत नाही.

नेमक्या याच गैरसोयींमुळे माझं मत पक्कं झालं. नुसत्या स्वस्ताईसाठी आलेला माणूस पौंड घसरला की कंबोडियाचे, व्हिएतनामचे भाव विचारू लागतो. किनाऱ्यावरच्या फ्लॅटमधला एकटा माणूस बारमधल्या ओळखींवर काही वर्षं काढतो आणि आजारी पडला की मायदेशी जातो, किंवा जाऊ शकत नाही. भातखाचरातला घरजावई मात्र कुरकुरत राहतो, कारण गुरुवारी सासूला दवाखान्यात न्यायचं असतं.

हल्ली पुण्या-मुंबईतून निवृत्त झालेले ओळखीचे लोक मला थायलंडच्या व्हिसाचे नियम विचारतात. पन्नाशी आणि 8 लाख बाथ भारतीयांनाही तेवढेच लागतात, ते मी सांगते. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, महिन्याचा खर्च किती. त्यावर मी त्यांनाच विचारते, तिथे तुमचं कुणाला काम पडणार आहे? याचं उत्तर तयार नसेल तर महिनाभर फिरून या, मजा येईल. घर मात्र इथलं विकू नका.